तीन दुव्यांची आशा

घरात वर्षानुवर्षांचे दुखणे असले, की नव्या औषधाच्या वार्तेने मन चटकन मोहरते, हे आपणांपैकी अनेकांनी अनुभवले असेल. माझ्या सासूबाईंचे वय ७४. त्यांना अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दीर्घकालीन दाह आहे. दुखणे उसळले की दिवसातून आठ-दहा वेळा शौचास जावे लागते, रक्त पडते, घराबाहेर पडण्याची धास्ती वाटते. मेसालामिनच्या गोळ्यांनी गेली दोन वर्षे त्यांना आराम आहे. अशातच एका आप्ताने ‘केपीव्ही’ नावाच्या पेप्टाइडची माहिती पाठविली. ती ऐकून सासूबाईंनी विचारले, “अगं, हे घेतलं तर माझ्या गोळ्या सुटतील का?”

प्रश्न साधा होता. पण त्याच्या उत्तरावर त्यांची दोन वर्षांची स्वस्थता अवलंबून होती. म्हणून मी शांतपणे वाचावयास बसले.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आपल्या शरीरात अल्फा-एमएसएच नावाचे १३ दुव्यांचे संप्रेरक असते. त्वचेच्या रंगाशी त्याचा संबंध आहे, तसाच दाह शमविण्याशीही. त्याच्या टोकाचे तीन दुवे, लायसिन, प्रोलिन आणि व्हॅलिन, म्हणजेच केपीव्ही. रंगाशी निगडित असलेला मधला भाग या तुकड्यात नाही. दाह शमविण्याचा गुण मात्र प्रयोगांत आढळला आहे. म्हणूनच आतडे आणि त्वचा या दोहोंच्या संशोधनात त्याचा अभ्यास होतो.

२००८ साली प्रसिद्ध झालेले एक संशोधन मला विशेष वाटले. लहान पेप्टाइडे पेशीत ओढून घेणारे एक वाहक प्रथिन असते. एरवी ते मुख्यतः लहान आतड्यात असते. दाह झाला की मोठ्या आतड्यातही दिसू लागते. जिथे आग, तिथेच दार उघडावे, असा हा प्रकार! पिण्याच्या पाण्यातून केपीव्ही दिल्यावर प्राण्यांच्या आतड्यांतील दाह कमी झाला.

पण ते प्राणी म्हणजे उंदीर होते आणि त्यांचा दाह रसायने देऊन मुद्दाम निर्माण केलेला होता. सासूबाईंचे दुखणे वर्षांचे, जोडीला रक्तदाबाच्या गोळ्या आणि वयाने थकलेली मूत्रपिंडे. केपीव्ही हे मान्यताप्राप्त औषध नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून विकल्या जाणाऱ्या कुप्यांच्या शुद्धतेची हमी कोण देणार?

हे सारे सांगितल्यावर त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे अजून उंदरांचीच पाळी आहे तर!”

तरीही त्यांचा प्रश्न माझ्या मनातून जाईना. त्यांना पेप्टाइड नको होते. दिवसभर गोळ्यांच्या वेळा सांभाळण्याचा त्यांना कंटाळा आला होता. पुढच्या भेटीत हेच आम्ही पोटविकारतज्ज्ञांना सांगितले. ते म्हणाले, “आजार शांत आहे तो गोळ्यांमुळे, त्या बंद केल्या तर तो पुन्हा उसळण्याचा धोका वाढतो.” मात्र रक्ततपासणीत मूत्रपिंडांचे कार्य पाहून त्यांनी तीन वेळांची मात्रा एकाच वेळी घेण्याची मुभा दिली. सासूबाईंचा चेहरा खुलला.

आपल्या घरीही अशी वार्ता आली, तर वडीलधाऱ्यांची आशा झिडकारू नका. एवढेच विचारा : हे माणसांवर तपासले आहे का? औषध म्हणून त्यास मान्यता आहे का? चालू औषधाविषयी डॉक्टर काय म्हणतात? शौचातून रक्त, ताप किंवा घटते वजन दिसल्यास विलंब न लावता डॉक्टरांना दाखवा. आणि रुग्ण नवे औषध मागतो तेव्हा जुन्या औषधात त्याला नेमके काय सोसवत नाही, हेही जवळ बसून विचारा. त्यावर कित्येकदा आजच उपाय सापडतो.