ळ चे घर

वीस वर्षे मी मराठीच्या वर्णमालेवर मीठभाकर खात आलो आहे. तीच वर्णमाला मी गेल्या पावसाळ्यात एका छापील कागदापायी विसरलो, हे आता कबूल करून टाकतो.

झाले असे. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयाची यादी कार्डांवरून संगणकात गेली. डेटाबेस पोस्टग्रेसचा, आणि तो सांभाळायला पीजीॲडमिन नावाचे साधन. पडद्यावर डावीकडे फांद्या फुटलेले एक झाड, उजवीकडे कोष्टके! विज्ञान शाखेतला एक विद्यार्थी ते चालवी; देखरेख माझी. यादी छापून येताच मी फर्मान सोडले, "कपाटे या क्रमाने लावा. जुनी कार्डे रद्दीत घाला."

ग्रंथालयातले जुने शिपाई, ज्यांना सारे कॉलेज 'काका' म्हणते, यादी पाहून घुटमळले.

"सर, केशवसुतांच्या आधी केळकर कसे?"

"काका, यंत्र चुकत नाही."

काका काही बोलले नाहीत. दोन कपाटे त्यांनी एकट्याने हलवली.

रात्री मात्र मला झोप येईना. इथून जवळच, मालगुंडला, १८६६ साली जन्मलेल्या कवीला मी एका ळ पायी मागे ढकलले होते. श, ष, स, ह आणि मग ळ! पहिलीतले पोरही सांगेल. मला मात्र ते शिपायाने सांगितले, आणि मी ऐकले नाही.

सकाळी विद्यार्थ्याला घेऊन बसलो. साधनात बिघाड नव्हताच. १९९१ साली युनिकोडमध्ये भारतीय लिप्या एका समान साच्यात बसल्या, तेव्हा ळ ला ल च्या शेजारचा क्रमांक मिळाला. आमचा डेटाबेस नुसते क्रमांक मोजत होता. मराठीच्या रीतीने मोज, असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते!

लेखकांच्या रकान्याच्या गुणधर्मांत 'कोलेशन' म्हणून एक खण आहे. अक्षरांचा क्रम तिथे ठरतो. त्यातल्या लांबलचक यादीत मुलाने अखेर मराठी शोधली. नाव, एमआर-एक्स-आयसीयू.

"आयसीयू? मराठी एवढी अत्यवस्थ झाली काय रे?"

मुलगा हसला. "सर, ही युनिकोडची सोय आहे. पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आली."

नाव निवडले, जतन केले, यादी पुन्हा मागवली. केशवसुत वर, केळकर खाली! त्याच रकान्याच्या टिप्पणीच्या खणात मी मराठीत लिहून ठेवले, 'ळ हा ह च्या नंतर.' आमच्यामागून येणाऱ्याला तरी अडायला नको.

मग काकांकडे गेलो. "काका, तुमचेच बरोबर होते. चला, या खेपेस दोघे मिळून हलवू."

मी बाह्या सरसावल्या. पहिले कपाट रिकामे झाल्यावर काका हळूच म्हणाले, "सर, ती कार्डं रद्दीत घातली नाहीत हं मी. वर माळ्यावर आहेत. क्रमानं."

कोणत्या क्रमाने, हे मी विचारले नाही.