स्टेरॉइडचं बीपी

संपादकांनी फोनवर अट घातली होती: बीपीवर लिहा, पण वाचकाला झेपेल असं. मीठ कमी करा, चाला, ताण घेऊ नका, हे दरवर्षी कुणी ना कुणी लिहितंच. मी औषधातून येणाऱ्या बीपीवर लिहितो. वाशिम जिल्ह्यात ते जेवढं दिसतं, तेवढं बोललं जात नाही.

यंदा पावसाळ्यात मानोऱ्याकडच्या एक काकू आल्या. बीपीच्या तीन गोळ्या चालू, तरी आकडा १८०/११०. चेहरा गोल, पोट सुटलेलं, हातपाय मात्र काटकुळे आणि मनगटाच्या वर जांभळे डाग. असं रूप दिसलं की मी आधी पिशवी मागतो. पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा बीपीच्या गोळ्यांची पाकिटं, पिळून चपटी झालेली मलमाची ट्यूब आणि वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या निघाल्या. “हे गुडघ्याचं हाय, डाक्टरसाहेब. याच्यानंच तं निंदाले जाता येते मले.”

एवढा गुण देणारी बिननावाची गोळी बहुतेक वेळा स्टेरॉइडच असते. नाव माहीत असलेली स्टेरॉइडची गोळी लिहून दिली, ती हळूहळू कशी उतरवायची तेही कागदावर मांडून दिलं. आठवडा व्हायच्या आत काकू रिक्षातून परत आल्या. उलट्या, अंगात त्राण नाही, बीपी ८०/५०. मुलानं मोबाइलवर वाचलं होतं. “बीपी वाढवते म्हने हे गोयी. मंग मीच म्हटलं, बंद कर माय.” सलाइन लावलं, शिरेतून १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं. संध्याकाळी त्या चहा मागत होत्या.

मुलगा शिकलेला, आईची काळजी घेणारा. त्याच्या तर्कात खोट काढायला जागा नाही, आणि तेच मला अजून सलतं.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात. त्याच्याशिवाय बीपी आणि साखर टिकत नाही, आजारपणाचा धक्का सोसत नाही. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम म्हणजे शरीराची रोजची गरज. बाहेरून त्याहून जास्त मिळत राहिलं की ग्रंथी काम थांबवतात. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेली गोळी एकाएकी तोडली, तर त्या लगेच जाग्या होत नाहीत. कधी कधी महिने जातात. ताप आला, ऑपरेशन ठरलं, तर अशा माणसाला डोस वाढवून द्यावा लागतो. सोडायचं तर सोडाच.

या औषधाची बदनामी मला पटत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवातानं जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० मध्ये केंडल आणि राइखस्टाइन यांच्यासोबत त्यांना नोबेल मिळालं. दुष्परिणामही लवकरच दिसू लागले होते. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं दाखवलं की रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं घटतात. पुढच्याच वर्षी दुसऱ्या लाटेत तेच औषध सौम्य आजारात, जास्त डोसात, साखर न तपासता वापरलं गेलं. काळी बुरशी विदर्भानं जवळून पाहिली. तेव्हापासून ‘स्टेरॉइड’ म्हटलं की माणसं खुर्चीतच मागे सरकतात. हीच माणसं बाजारातली पुडी मात्र बिनधास्त घेतात, कारण ती ‘जडीबुटी’ असते! चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड विकू नये असा नियम आहे. नियम पाकिटावर छापलेला असतो. पुडीला पाकीटच नसतं.

आता थोडं तांत्रिक. संपादकांनी क्षमा करावी. बहुतेकांना, काही डॉक्टरांनाही, वाटतं की स्टेरॉइड अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं, म्हणून बीपी वाढतं. हे अर्धंच खरं. मूत्रपिंडात एक एन्झाइम असतं, ते कॉर्टिसॉलला निष्प्रभ करून मीठ धरण्यापासून रोखतं. जास्त ज्येष्ठमध रोज खाल्लं तर हे एन्झाइम अडतं आणि बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. काढा घेणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पण सगळा दोष मिठाचा असता तर डेक्सामेथासोननं बीपी वाढायलाच नको होतं, कारण त्याचा मीठ धरण्याचा गुण जवळजवळ शून्य. तरी वाढतं. ऑस्ट्रेलियात ज्युडिथ व्हिटवर्थ यांच्या गटानं माणसांना कॉर्टिसॉल देऊन पाहिलं, सोबत मीठ धरण्याचा गुण अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन दिलं. बीपी तरीही चढलंच. रक्तवाहिन्या अ‍ॅड्रिनलिनला जास्त दाद देतात आणि त्यांना सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, हा मामला मोठा आहे. या विषयावर मी परिषदांमध्ये बोलायला लागलो की सहकारी चहाला उठतात, तेव्हा इथेच थांबतो.

म्हणून मीठ मोकळं सोडा असा अर्थ नव्हे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा. “भाजीत कमीच टाकतो,” असं प्रत्येक घर सांगतं. मग लोणचं, खारी मिरची, ठेचा, चिवडा? पापडात मीठ नसलं तरी पापडखार असतो, तोही सोडियमच. सैंधव चालतं का, हा प्रश्न रोजचा, सैंधवही मीठच. आणि स्टेरॉइडनं पोटात आग पडली की ग्लासात फसफसणारी पुडी घेतात, तिच्यात सोडियम भरपूर. दिवाळीनंतर पायावर सूज घेऊन येणाऱ्यांना मी आधी या पुडीबद्दल विचारतो, चकलीचा नंबर नंतर.

स्टेरॉइड ज्या आजारासाठी चालू आहे तो बघून ते कमीत कमी डोसावर आणणं हा पहिला उपाय. ते शक्य नसेल तर बीपीची गोळी. मला टेल्मिसार्टन किंवा अ‍ॅम्लोडिपिन बरी वाटते; अ‍ॅम्लोडिपिननं घोट्याला सूज येते, ती स्टेरॉइडची समजून घोळ होतो. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या जपून, कारण त्यातल्या बहुतेक पोटॅशियम घालवतात आणि स्टेरॉइडही; मांड्यांत जोर राहत नाही, उकिडवं बसलं की उठवत नाही, आणि माणूस ते वयावर ढकलतो. गुडघ्यासाठी परस्पर घेतलेली डायक्लोफिनॅक बीपीच्या औषधाचं काम उलटवते. काकूंच्या तीन गोळ्या का चालत नव्हत्या याचं उत्तर त्यांच्या पिशवीत होतं, आणि आधी ती कुणी पाहिली नव्हती.

सकाळी स्टेरॉइड घेणाऱ्याचं बीपी फक्त सकाळी मोजून भागत नाही. संध्याकाळचं आणि झोपण्याआधीचंही बघावं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, दंडाला बसेल अशा मापाचा पट्टा बांधून. घरी सतत १३५/८५ च्या वर राहत असेल तर वही घेऊन या.

एक गोष्ट मात्र माझे रुग्ण हमखास विसरतात. स्टेरॉइड उतरत जातं तसं बीपीही उतरतं. पण गुडघा बरा, चेहरा पूर्ववत, मग दवाखान्यात कशाला जायचं? बीपीची गोळी त्याच जोरात चालू राहते आणि भर दुपारी तुरीच्या ओळीत माणूस चक्कर येऊन बसतो. काकूंना दर पंधरा दिवसांनी बोलावलं आहे. दोन गोळ्या बंद झाल्या, तिसरी अर्धी केली. निंदायला त्या अजून जातात, पण मधेमधे बसतात, आणि ती पुडी देणाऱ्या बाजारातल्या माणसाशी माझं नाव सांगून भांडून आल्या आहेत.