स्वप्न आणि चेक

जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेत सुट्टी असते, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची. माझी नात तिकडे पाचवीत आहे. तिला फोनवर विचारलं, "कोण होते गं हे?" ती म्हणाली, "आजी, सगळ्यांनी मिळूनमिसळून राहावं असं त्यांचं स्वप्न होतं."

उत्तर चूक नाही. पण जन्मभर पेपर तपासलेत ना, पूर्ण मार्क द्यायला हात होईना! २८ ऑगस्ट १९६३ चं ते वॉशिंग्टनचं भाषण स्वप्नाने सुरू होतच नाही. आधी किंग हिशेब मागतात. देशाने समतेचं वचन दिलं आणि काळ्या नागरिकांच्या हाती न वटणारा चेक ठेवला, असं ते सुनावतात. मोर्चाही नुसता बंधुभावासाठी नव्हता, नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी होता.

पुढचे किंग तर आणखी अवघड. १९६६ साली शिकागोत काळ्यांना घरं नाकारली जातात म्हणून त्यांनी मोर्चे काढले, तिथे डोक्यात दगड खाल्ला. त्याच वर्षी गॅलपच्या पाहणीत शेकडा ६३ लोकांचं त्यांच्याविषयी मत वाईट होतं. ४ एप्रिल १९६७ ला त्यांनी व्हिएतनाम युद्धावर जाहीर टीका केली, तेव्हा मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी झोडपलं. बरोबर एका वर्षाने मेम्फिसमध्ये त्यांची हत्या झाली. तिथे ते कशाला गेले होते? संपावरच्या सफाई कामगारांना पाठिंबा द्यायला!

सुट्टीचा कायदा झाला १९८३ साली. पुढे हा माणूस बहुतेकांचा लाडका झाला. मला वाटतं, स्वप्न ऐकणाऱ्याकडून काही मागत नाही. टाळ्या वाजवाव्या आणि घरी जावं. चेक मात्र कुणाला तरी पदरचे पैसे घालून वटवावा लागतो. म्हणून स्वप्न पाठ झालं आणि चेक विसरला गेला.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे म्हणा! जयंतीला फोटो पुसायचा, हार घालायचा, मुलांनी पाठ केलेलं भाषण म्हणायचं, की झालं.

म्हणून मला वाटतं, थोरांच्या प्रत्येक धड्याखाली स्वाध्यायात एक प्रश्न हवाच: 'या माणसाचा राग कोणाला येत असे आणि का?' तुमच्या घरच्या मुलांना विचारून बघा. काय उत्तरं येतात ते मलाही जरूर कळवा.