कल्याणमित्रांचा रविवार

आपल्या वसतिगृहातील मुले-मुली दहावी उत्तीर्ण होऊन बाहेर पडली की आपले काम संपले, असे आम्ही शिक्षक पुष्कळ वर्षे समजत होतो. हा समज खालापूर तालुक्यातील आमच्या एका माजी विद्यार्थिनीने दूर केला. बारावीपर्यंत मराठीतून पुस्तपालन शिकलेली ही मुलगी पदवीच्या पहिल्या वर्षी इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसली आणि दिवाळीनंतर वर्गात जाईनाशी झाली. घरून मात्र ती रोज डबा घेऊन निघे, कर्जत स्थानकावर बसून राही आणि संध्याकाळच्या खोपोली गाडीने परते. आम्ही विचारले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "सर, समजत नाही हे सांगायची लाज वाटते."

आम्ही काही शिक्षक व माजी विद्यार्थी एकत्र आलो आणि कर्जत-खालापुरातील महाविद्यालयीन मुलांसाठी शाळेच्या भोजनगृहात रविवारचे वर्ग सुरू केले. फळा मांडला, व्याख्याने दिली. मुले वह्या भरून घेत. प्रश्न मात्र कोणी विचारीत नसे. चूक आमची होती. त्यांना तिकडे गप्प बसवणारी लाज आम्ही फळ्याबरोबर इकडेही आणली होती.

मग फळा बाजूला ठेवला. वरच्या वर्षातील एकेका विद्यार्थ्याजवळ पहिल्या वर्षाचे दोघे-दोघे बसवले. तृतीय वर्षाच्या एका मुलाने त्या मुलीला सांगितले, "डेबिट म्हणजे आपले नावे, क्रेडिट म्हणजे जमा. हे न कळल्याने माझाही विषय राहिला होता." आमच्या इतक्या व्याख्यानांनी जे साधले नाही, ते त्या एका कबुलीने साधले. तिने पहिला प्रश्न विचारला.

अडचणी आल्याच. परीक्षा जवळ येताच शिकवणारी मुले गणिते स्वतःच सोडवून देऊ लागली. तेव्हा नियम केला : पेन शिकणाऱ्याच्याच हाती राहील. शिकवणाऱ्याने कमी सांगावे, अधिक विचारावे. स्वतःला न आले तर तसे मोकळेपणी म्हणावे आणि ते शिक्षकांकडे आणावे.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांला ठाऊक आहे की ही रीत नवी नाही. देशी शाळांत मोठे मूल लहानास शिकवी. मद्रासेतील अनुभवावरून अँड्र्यू बेल यांनी अशीच पद्धत १७९७ साली इंग्लंडात पुस्तकरूपाने मांडली. पण गावच्या त्या शाळांची पायरी आमच्या पूर्वजांना बंद होती. म्हणूनच बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात वसतिगृह काढले. आपल्या मुलांना छप्पर हवे होते, तसा शेजारी बसून अभ्यास करणारा सोबतीही हवा होता. तथागतांनी अशा सोबत्याला कल्याणमित्र म्हटले आणि त्याच्या संगतीला धम्ममार्गात फार मोठे स्थान दिले.

ती मुलगी राहिलेले विषय सोडवून आता तृतीय वर्षात आहे. रविवारी तिच्याजवळ दोघी बसतात. पेन त्यांच्या हाती असते.

पालकांना विनंती, की मुलांना गुणांआधी "कुठे अडले?" असे विचारावे. माजी विद्यार्थ्यांकडे महिन्यातील एक रविवार मागतो. आपण कुठे अडखळलो होतो, हे आठवत असले तरी पुरे.

जय भीम!