औषधाच्या पट्ट्या

नारायणगड

२१ मे २०२५
नारळीकर गेले. काल पहाटे, पुण्यात, झोपेत. पेपरात आयुका, विश्वरचना, विज्ञानकथा, सगळं आलंय. मी त्यांनी घेतलेली कुंडल्यांची चाचणी शोधत बसलो.

२००८ची ती. हुशार मुलांच्या शंभर कुंडल्या, मतिमंद मुलांच्या शंभर. सत्तावीस ज्योतिषी, प्रत्येकाकडं चाळीस. कुंडली बघून सांगायचं, हुशार की मतिमंद. बरोबर उत्तरांची सरासरी ४६ टक्के. नाणं उडवून पन्नास आलं असतं. नारळीकरांच्या सोबत दाभोलकर, कुंटे, घाटपांडे. अमेरिकेत कार्लसननं ज्योतिषांची चाचणी १९८५मध्येच घेतली होती, 'नेचर'मध्ये छापून आली होती. तरी पुण्यात घेतली. बरंच केलं. नाहीतर इथले म्हणाले असते, ते तिकडचं, आमचं शास्त्र वेगळं.

२ जून
पुतण्या बाटली घेऊन आला. सोयाबीनवर फवारायची. गेल्या साली पलीकडच्या गावात एका रानात पीक कमरेला लागलं. मोबाईलवर फोटो.
"एकाच रानात?"
"तात्या, डोळ्यानं बघितलंय मी."

३ जून
झोप नाही. किंमत विचारायची राहिली.

१० जून
पानसे-सुखात्मेंचं शेतीच्या संख्याशास्त्राचं पुस्तक काढलं. आयसीएआरचं, १९५४चं. सुखात्मे आपल्या साताऱ्याकडचे, बुधचे. कडांना कसर.

पुतण्याला सांगायचं ते एवढंच. काहीही न मारलेल्या दोन पट्ट्यांतसुद्धा फरक पडतो. तो आपसूक किती पडतो हे कळल्याशिवाय औषधानं किती पडला ते कसं सांगणार? म्हणून एक पट्टी पुरत नाही. संख्याशास्त्रज्ञ फिशरनं इंग्लंडात रोथॅमस्टेडच्या रानांत हेच धरून ठेवलं. परभणीच्या कृषी विद्यापीठातली पोरं तीन रेप्लिकेशन, चार रेप्लिकेशन म्हणतात, ते तिथून आलेलं.

ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "बियाणं कधी आणायचं?"

२१ जून
पेरणी. सोयाबीनचं वाण एमएयूएस ६१२. रान वर मुरमाड, ओढ्याकडं काळं. आडवे चार तुकडे पाडले, प्रत्येकात दोन पट्ट्या. एक औषधाची, एक साधी. कुठली कोणती ते चिठ्ठ्या टाकून. पुतण्याचं म्हणणं, रस्त्याकडेची औषधाची ठेवू, येणारे-जाणारे बघतील. बाटलीवाल्यानं तसंच सांगितलेलं. सूनबाईला चिठ्ठ्या उचलायला लावल्या. रस्त्याकडेची साधी निघाली. पुतण्याचं तोंड पडलं.

६ जुलै
आषाढी. पंढरपूरला न जाणारे सगळे धाकट्या पंढरीला. सकाळपासून गडावर रीघ. नगद नारायणाचं दर्शन लांबूनच.

शेजारची नात भेटली, एम.एस्सी. ॲग्री करतेय. दुसऱ्या कुणाचा तरी प्रयोग आपल्या भागात परत करून बघायचा होता तिला. गाईड म्हणाले, यात नवीन काय? विषय बदलला. तिला २०१५चं सांगितलं. मानसशास्त्रातले शंभर अभ्यास परत केले. मूळ निबंधांत ९७ टक्क्यांना ठळक निष्कर्ष होते, परत केल्यावर ३६ टक्के.
"परत करणाऱ्यांना पीएच.डी. मिळाली का, आजोबा?"

३० जुलै
फवारणी. पंपात थोडं उरलं. "साध्या पट्टीवर मारू का? वाया जाईल." ओरडलो.

१८ ऑगस्ट
रस्त्याकडेची पट्टी गच्च. लोक मोटारसायकल थांबवून विचारतात, कोणतं औषध मारलं. एकानं फोटो काढून नेला.

साधी पट्टी ती.

२३ सप्टेंबर
पाऊस. ओढा रानात.

२४ सप्टेंबर
पाऊस.

२७ सप्टेंबर
खालच्या तुकड्यातल्या दोन्ही पट्ट्या गेल्या. जिल्ह्यात लोकांची जनावरं वाहून गेली, घरं पडली. पट्ट्यांचं कुणापुढं बोलायचं?

९ ऑक्टोबर
काढणी. ओलं निघालं, वाळवून, पट्टीनिहाय वजन. सूनबाईनं लिहून घेतलं. एका तुकड्यात औषध पुढं, रस्त्याकडं साधी पुढं, तिसऱ्यात उन्नीस-बीस. साध्या-साध्या पट्ट्यांतला फरक या सगळ्याहून मोठा.

"म्हंजी औषध खोटं?"
"तेही म्हणता येत नाही. तीनच तुकडे राहिले."
"मग वर्षभर केलं काय आपण?"
जेवला नाही.

१३ ऑक्टोबर
हमीभाव ५३२८. मोंढ्यात त्याच्या कितीतरी खाली. ओल जास्त म्हणून आणखी कपात. बाटलीचे पैसे पुतण्यानं आज सांगितले. न विचारता.

२८ ऑक्टोबर
रस्त्याकडेच्या पट्टीचा फोटो बाटलीवाल्याच्या जाहिरातीत फिरतोय. पुतण्याला तिघांनी पाठवला. त्यानं वजनाचा कागद फोटो काढून खाली टाकला. लगेच ग्रुपमधून काढलं त्याला.

२ नोव्हेंबर
गेवराईला मेव्हण्याला फोन लावला पुतण्यानं. पुढल्या खरिपात तुमच्याकडं पण पट्ट्या टाका, ओढ्यापासून लांब. चिठ्ठ्या बायकोकडून उचलून घ्या. बाटल्या दुसऱ्या विक्रेत्याकडून फुकट आणतो म्हणाला. फुकट नको म्हटलं, दुकानातून घे, पावतीवर. पैसे कोण देणार यावरून रात्रीपर्यंत भांडण.