८१ हातांचा हिशेब

परदेशातून गरिबांच्या वस्त्या पाहायला येणारे पाहुणे आपल्या लोकांना नवीन नाहीत. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेलाही एका धर्मादाय संस्थेचे दोघे भेट देऊन गेले. माणसे सभ्य होती. चहा घेतला, मुलांच्या पाठीवरून हात फिरवला. फोटो काढायची वेळ आली तेव्हा मात्र सातवीतल्या एका मुलीला त्यांनी दुभाष्याकरवी सांगितले, बूट काढून उभी राहा. ते बूट तिच्या आईने धुण्याभांड्याच्या पैशांतून घेतलेले. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. मी म्हणालो, "बाळ, बूट घालूनच उभी राहा." फोटो निघाला, पण पुढे छापून आलेल्या अहवालात तो नव्हता.

कचेरीत मी आवक-जावक सांभाळतो, अभ्यासिकेचा जमाखर्च आणि वार्षिक अहवालही मीच लिहितो. त्यामुळे गरीब देशांत जाऊन ख्रिस्ती मिशनच्या कामाचे अहवाल लिहिणाऱ्यांविषयी हाती लागेल ते वाचत गेलो. त्यात एक माणूस असा भेटला की त्याची गोष्ट आपल्या घराघरांतून सांगितली गेली पाहिजे. विल्यम हेन्री शेपर्ड.

शेपर्ड हे अमेरिकेतले कृष्णवर्णीय. गुलामगिरी संपली त्याच वर्षी, १८६५ साली, व्हर्जिनिया राज्यात जन्मले. वडील न्हाव्याचे काम करीत. शेपर्ड शिकून पाद्री झाले आणि आफ्रिकेत पाठवा म्हणून आपल्या मिशन मंडळाच्या मागे लागले. मंडळाने त्यांना ताटकळत ठेवले. कारण काय, तर काळ्या माणसावर देखरेखीला गोरा माणूस मिळेपर्यंत त्याला पाठवायचे नव्हते! अखेर सॅम्युएल लॅप्स्ली नावाचा गोरा तरुण तयार झाला आणि १८९० साली दोघे काँगोला निघाले. लॅप्स्ली १८९२ मध्ये आजारपणात वारले. ज्यांना एकटे पाठवायची मंडळाची तयारी नव्हती, त्यांनीच पुढे काम उभे केले.

काँगो त्या वेळी बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या खाजगी मालमत्तेसारखा होता. १८८५ ते १९०८ पर्यंत हा कारभार चालला. जगाला सांगितले होते की गुलामांचा व्यापार बंद करायचा आहे. प्रत्यक्षात गावागावांवर रबराची सक्ती होती. ठरलेले रबर भरले नाही तर बायका ओलीस, गावे जाळायची, माणसे मारायची. मिशनला जागा आणि परवानगी याच सरकारकडून मिळे, म्हणून कित्येक मिशनऱ्यांनी बरीच वर्षे तोंड उघडले नाही. मायदेशी जाणाऱ्या अहवालांत बाप्तिस्मे किती झाले आणि शाळा किती निघाल्या, हे मात्र व्यवस्थित भरलेले असे.

१८९९ साली सरकारच्या बाजूने लढणाऱ्या झॅपो झॅप टोळीने शेपर्ड यांच्या भागात गावे लुटली. मिशनने त्यांना चौकशीला पाठवले. ते थेट टोळीच्या छावणीत गेले. म्होरक्या काही लपवायच्या विचारात नव्हताच, त्याने सगळे दाखवले. खाली मंद विस्तव, वर काठ्यांचा मांडव, आणि मांडवावर वाळत घातलेले माणसांचे उजवे हात. शेपर्ड यांनी ते मोजले. ८१ भरले. म्होरक्याने कारणही सांगितले : किती मारले ते सरकारला दाखवावे लागते.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. व्हाउचरशिवाय खर्च मंजूर होत नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. काँगोत शिपायांना काडतुसांचा हिशेब द्यावा लागे आणि तोडलेला हात हे त्या हिशेबाचे व्हाउचर होते. कागदोपत्री सारे चोख!

हा आकडा बाहेर पडला, अमेरिकेत छापला गेला. इकडे युरोपात एडमंड मोरेल नावाचे एक कारकून लिव्हरपूलच्या जहाज कंपनीत नोकरीला होते. अँटवर्प बंदरात त्यांनी पाहिले की काँगोहून जहाजे रबर आणि हस्तिदंत भरून येतात, जाताना मात्र बंदुका आणि काडतुसे नेतात. मग रबराचा मोबदला जातो कुठे? कुठेच नाही. म्हणजे वेठबिगार. आपल्या आजोबा-पणजोबांना हे कुणी समजावून सांगावे लागले नसते. मोरेल यांनी १९०१ मध्ये नोकरी सोडली, १९०४ मध्ये काँगो सुधारणा संघ काढला आणि मिशनऱ्यांनी पाठवलेले पुरावे जगापुढे मांडले.

पण मला अधिक मोलाचा वाटतो तो शेपर्ड यांचा १९०८ मधला लेख. मिशनच्या छोट्याशा पत्रात त्यांनी कुबा लोकांविषयी लिहिले. सुरुवात गरिबीपासून केली नाही. हे लोक धिप्पाड, स्वतंत्र, मका-तंबाखू पिकवणारे, स्वतःचा राजा आणि स्वतःची राज्यव्यवस्था असलेले होते, हे आधी लिहिले. मग रबर आले आणि शेतात तण माजले, घरे अर्धवट राहिली, हे लिहिले. बहुतेक अहवालांत गरीब माणूस जन्मापासूनच गरीब असतो. इथे त्याला गरीब कुणी केले, तेही आले.

रबर कंपनीला हे झोंबणारच. तिने अब्रूनुकसानीचा दावा लावला. १९०९ साली लिओपोल्डव्हिल, म्हणजे आजचे किन्शासा, येथे खटला चालला. बेल्जियमचेच समाजवादी पुढारी एमिल व्हँडरव्हेल्ड एक पैसा न घेता शेपर्ड यांच्या बाजूने उभे राहिले. शेपर्ड निर्दोष सुटले.

१९१० मध्ये ते अमेरिकेत परतले. परस्त्रीसंबंधांची कबुली त्यांनी दिली होती, त्यामुळे काही काळ पाद्रीपदापासून दूर राहावे लागले. हेही लिहिले पाहिजे. माणसाचा देव करण्याची खोड आपल्याकडे कमी नाही. एका राजाच्या कारभाराची लक्तरे वेशीवर टांगणाऱ्या या माणसाला मायदेशी दक्षिणेकडच्या राज्यांत रेल्वेत काळ्यांसाठी राखलेल्या डब्यातच बसावे लागणार होते. पुढे लुइव्हिल शहरात त्यांनी चर्च चालवले आणि १९२७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले.

कुबा लोकांच्या हातच्या वस्तू त्यांनी जपून आणल्या होत्या. त्या ते जिथे शिकले त्या हॅम्प्टनच्या संग्रहालयात आहेत. कुबा लोक ताडासारख्या झाडाच्या तंतूंपासून कापड विणतात आणि त्यावर चौकटींची नक्षी काढतात. कुठे चित्र पाहायला मिळाले, तर मुलांना जरूर दाखवा.