आमचा लहरी संघ

एखाद्या संघाचा पक्ष घेणे हे प्रेमात पडण्यासारखे आहे, असे म्हणण्याची वहिवाट आहे. आमचा अनुभव निराळा आहे. प्रेमात निदान निवड तरी आपली असते. संघाचा पक्ष घेणे हे सोयरिकीच्या जातीचे आहे. ती कोणीतरी दुसऱ्याने जुळवून दिलेली असते, आणि एकदा जुळली की व्याह्यांच्या घरची माणसे लहरी निघोत, उधळी निघोत की ऐन मुहूर्ताला रुसून बसोत, ती आपलीच म्हणून मिरवावी लागतात. मुंबई सिटी या फुटबॉल संघाशी आमची सोयरीक आमच्या कन्येने जुळविली, आणि त्या संघाच्या २०२३-२४ च्या हंगामाने तिचे मोल आमच्याकडून पुरेपूर वसूल करून घेतले.

आम्ही राहतो नाशकास, इंदिरानगरात. आमच्या वस्तीत फुटबॉलला तसा थारा नाही. सकाळी जॉगिंग ट्रॅकवर फेऱ्या घालणारी निवृत्त मंडळी बोलतात ती कांद्याच्या भावाविषयी, बोगद्यापाशी तुंबणाऱ्या वाहनांविषयी आणि क्रिकेटविषयी. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर रणजीचा सामना असला म्हणजे त्यांच्या फेऱ्याही दोन कमी होतात. आमचे शेजारी मास्तर तर फुटबॉलला खेळच मानीत नाहीत. "दीड तास धावायचे आणि शेवटी शून्य-शून्य! त्यापेक्षा आमच्या शाळेची कवाईत बरी," हे त्यांचे ठरलेले वाक्य. आमची बुद्धीही अशाच साच्यात घडलेली. पण टाळेबंदीच्या वर्षी, कन्या नववीत असता, शाळा घरात आली आणि तिच्या पाठोपाठ फुटबॉलही आला. त्या हंगामाचे सारे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाले. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याच्या मैदानावर बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून एटीके मोहन बागानला २-१ असे नमविले, तेव्हा आमच्या दिवाणखान्यात जी आरोळी उठली ती ऐकून मास्तर जिना चढून विचारपूस करावयास आले. त्या आरोळीतील निम्मा आवाज आमचा होता, हे कबूल केले पाहिजे.

पुढे मास्तरांनी एकदा पेचात टाकणारा प्रश्न केला, "हा संघ तुमचा कसा?" प्रश्न खोटा नव्हे. कोल्हापुरात संघ पेठेबरोबर मिळतो. पाटाकडील तालमीच्या शेजारी जन्मलेल्या मुलाला आपला संघ कोणता हे कोणी सांगावे लागत नाही. आम्ही नाशिकचे आणि संघ मुंबईचा. त्यात छांगटे मिझोरामचा, बिपिन मणिपूरचा, गोलरक्षक लाचेन्पा सिक्कीमचा, परेरा दियास अर्जेंटिनाचा. २०१९ साली संघाचा मोठा हिस्सा एका परदेशी गटाने विकत घेतला. त्या हंगामाचा कर्णधार राहुल भेके तेवढा मुंबईत जन्मलेला. शिवाय आपल्या प्रांतात व्यावसायिक संघ फार दिवस नांदत नाहीत, असाच पूर्वेतिहास. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली तो संघ मिटला. पुणे सिटीने २०१९ साली गाशा गुंडाळला. त्यांच्या पाठीराख्यांनी ते रंगीत सदरे पुढे कोठे ठेविले असतील, असा विचार मनात येतो. मास्तरांना आम्ही उत्तर दिले ते एवढेच, की जो हरल्यावर आपल्याला जेवण जात नाही तो आपला संघ. उत्तर देताना ते आम्हांस फार मार्मिक वाटले होते. त्याची परीक्षा पुढे व्हावयाची होती.

तो हंगाम पहिल्यापासूनच विषम. आदल्या वर्षी संघाने लागोपाठ अठरा सामन्यांत हार न खाता लीगची ढाल जिंकली होती, आणि तिच्या जोरावर आशियातील मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळविला होता. तेथे सहापैकी सहाही सामने हरला. त्यांतील एक सामना दिवाळीच्या सहा दिवस आधी, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर सौदी अरबस्तानच्या अल हिलालशी होता. कन्येचे बारावीचे वर्ष, तरीही हट्ट धरून ती आम्हांस कसारा घाट उतरवून घेऊन गेली. ज्याला पाहावयास लोक लोटले असते तो नेमार गुडघा दुखावून घरी बसलेला. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य होते, आणि त्या पाऊण तासात आम्ही मनातल्या मनात आशिया खंड जिंकला. शेवटी ०-२. परतताना उत्तररात्री घोटीजवळ चहाला थांबलो. कन्या म्हणाली, "बाबा, पहिला अर्धा मात्र आपण काय खेळलो!" हरलेल्या संघाविषयी बोलताना 'ते' न म्हणता 'आपण' म्हणणारी माणसेच खरी पाठीराखी, हे आम्ही त्या टपरीवर शिकलो.

त्याच महिन्यात प्रशिक्षक बकिंगहॅम इंग्लंडातील ऑक्सफर्ड युनायटेडकडे निघून गेले. डिसेंबरात पेत्र क्रात्की हे चेक गृहस्थ आले. २० डिसेंबरला मोहन बागानला २-१ असे हरविले खरे, पण त्या एका सामन्यात पंचांनी दोन्ही बाजूंस मिळून सात लाल कार्डे दाखविली. मास्तरांनी त्याची तुलना नळावरच्या भांडणाशी केली, आणि प्रामाणिकपणे सांगावयाचे तर आम्हांस प्रत्युत्तर सुचले नाही. जानेवारीत ग्रेग स्ट्युअर्ट हा कुशल खेळाडू संघ सोडून गेला. एवढे होऊनही संघ चढत चढत गुणतक्त्याच्या माथ्यावर गेला. १५ एप्रिलला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर मोहन बागानशी अखेरचा सामना होता आणि बरोबरी जरी झाली असती तरी ढाल आपली होती. संघ १-२ हरला. मोहन बागानचे ४८ गुण झाले, आपले ४७. एका गुणाने ढाल गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर ट्रॅकवर वाट पाहतच उभे होते. "का हो, ऐन वेळी कच खाल्ली ना तुमच्या पोरांनी?" आम्ही त्यांना एक छोटेखानी व्याख्यान दिले. बावीस सामन्यांची मेहनत एका संध्याकाळी मोजू नये. प्रशिक्षक मध्येच बदलला, मोहरे निघून गेले, तरी ही मुले येथवर आली, हे पाहावे. पडत्या काळात पाठीवर हात ठेवील तोच आपला माणूस. कन्या आमच्याबरोबर फेरी घालीत होती. ती काही बोलली नाही.

त्याच संध्याकाळी तिच्या सराव परीक्षेचे गुण आले. वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा तीन आठवड्यांवर आलेली, आणि गुण मागच्या खेपेपेक्षा पुष्कळ खाली. आम्ही कागद पाहिला आणि जे बोललो ते येथे शब्दशः लिहिण्याचे धैर्य आमच्यापाशी नाही. सार इतकेच, की ऐन वेळी कच खाणाऱ्याच्या हातून काही होत नसते. वापरला तो शब्दही मास्तरांचाच. कन्येने कागदाची घडी केली आणि शांतपणे विचारले, "बाबा, सकाळी तुम्ही मास्तरांना जे सांगत होतात, ते फक्त फुटबॉलपुरतेच होते का?" उत्तराची वाट न पाहता ती खोलीत गेली आणि दार लावून घेतले. घरातून स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या राहून आमच्याकडे नुसते पाहिले गेले. वीस वर्षांच्या संसारात त्या पाहण्याचा अर्थ विचारावा लागत नाही.

ज्या अकरा परक्या माणसांना आमचे नावही ठाऊक नाही त्यांना आम्ही दर आठवड्यास क्षमा करीत होतो, त्यांच्या वतीने सबबी शोधीत होतो. आणि जिने त्या माणसांना आमच्या घरात आणले तिच्यासाठी आमच्यापाशी एक सबबही निघाली नाही. याचे कारण आम्ही पुष्कळ दिवस शोधले. संघ हरला तर आपली फजिती होत नाही, केवळ दुःख होते. अपत्य हरले तर आपली फजिती होते असे आपण मानतो. आमच्या क्षमेला जी किंमत पडत नव्हती तीच आम्ही उधळीत होतो, एवढाच त्याचा अर्थ.

२४ एप्रिलला गोव्याशी उपांत्य फेरीचा पहिला सामना होता. दार अद्याप पुरते उघडले नव्हते. बोलणे कामापुरते चालू होते. आम्ही एकटेच दूरचित्रवाणीपुढे बसलो. गोव्याने दोन गोल केले. संघ दिशाहीन फिरत होता. नव्वद मिनिटे भरत आली तेव्हा आम्ही उठलो, "याही वर्षी संपले" असे पुटपुटत यंत्र बंद केले आणि निजावयास गेलो. सकाळी चहाच्या वेळी कन्या आपण होऊन बाहेर आली. डोळे जागरणाचे, पण चेहरा फुललेला. "बाबा, पाहिलेत ना? नव्वदाव्या मिनिटाला छांगटे, मग विक्रम, मग पुन्हा छांगटे! तीन-दोन!" दारामागे पुस्तकाच्या आड तिने मोबाइलवर शेवटपर्यंत सामना पाहिला होता. आम्ही यंत्र बंद केले होते, हे सांगणे भाग पडले. तिला हसू आवरेना. "दोन मिनिटे बाबा! दोन मिनिटे थांबला असतात!" त्या हसण्याबरोबर दार उघडले. आम्ही मात्र चहाचा पेला हाती धरून विचार करीत बसलो. पडत्या काळात पाठीवर हात ठेवणाऱ्याविषयी व्याख्यान देणारे आम्ही, आणि अखेरच्या दोन मिनिटांसाठी आमची निष्ठा पुरली नव्हती. आम्ही सांगितले, "तुझ्या गुणांच्या दिवशीही आम्ही असेच यंत्र बंद केले. चुकले आमचे." ती म्हणाली, "जाऊ द्या बाबा, चहा गार होतोय."

मुंबईतील परतीचा सामना २-० असा जिंकून संघ अंतिम फेरीत गेला. तो सामना नेमका ४ मे रोजी शनिवारी, पुन्हा सॉल्ट लेकवर, पुन्हा मोहन बागानशी, आणि ५ मेला रविवारी दुपारी दोन वाजता 'नीट'. घरात खल झाला. अखेर तिच्या आईने निवाडा केला, मध्यंतरापर्यंत पाहावे आणि निजावे. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला कमिंग्सने गोल केला आणि साठ हजारांच्या घरातील तो जनसमुदाय गर्जू लागला. मध्यंतर झाले. कन्या निमूटपणे उठली. आम्हांस वाटले, ही आता रात्रभर तळमळणार. ती म्हणाली, "निकाल मला पेपर झाल्यावर सांगा. आणि बाबा, बंद करू नका हं."

आम्ही बंद केले नाही. त्रेपन्नाव्या मिनिटाला परेरा दियासने बरोबरी साधली. एक्याऐंशीव्या मिनिटाला बिपिन सिंगने, त्याच बिपिनने, दुसरा गोल केला. भरपाईच्या वेळेत वोय्तुशने तिसरा. ३-१. ज्या मैदानावर एकोणीस दिवसांपूर्वी ढाल गेली तेथेच करंडक आला. आणि आम्हांस ओरडता येईना, कारण शेजारच्या खोलीत मूल निजले होते. तोंडावर उशी धरून आनंद करण्याचा प्रसंग आयुष्यात प्रथमच आला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा केंद्राबाहेर मे महिन्याच्या उन्हात शेकडो आईबाप उभे होते. कोणी जप करीत होते, कोणी घड्याळ पाहत होते, आणि प्रत्येकाच्या ओठांवर एकच प्रश्न तयार होता. पाच वीसला पेपर संपला. कन्या गर्दीतून वाट काढीत आली. चेहऱ्यावरून काही कळेना. आमच्याही ओठांवर तो प्रश्न आला होता, पण तीच आधी म्हणाली, "किती?" आम्ही म्हणालो, "तीन-एक. आपण." तिने भर रस्त्यात जी उडी मारली ती पाहून शेजारच्या आईबापांना पेपर फारच सोपा गेला असावा असे वाटले. आम्ही आमचा प्रश्न गिळला. रथचक्र चौकात उसाचा रस पिताना तिने आपण होऊन सांगितले, की भौतिकशास्त्र कठीण होते, पण शेवटच्या मिनिटापर्यंत लिहीत होते.

पुढे तिला गुण किती मिळाले हे येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. ती आता शिकावयास दुसऱ्या गावी असते. संघाची लहर मात्र तशीच आहे. करंडक जिंकल्याच्या पुढल्याच वर्षी तो सहावा आला, आणि २९ मार्च २०२५ रोजी बंगळुरात ०-५ असा सडकून हरून बाहेर पडला. त्या रात्री चौथा गोल झाल्यावर कन्येचा फोन आला. "बाबा, पाहताय ना अजून?" आम्ही पाहत होतो. मास्तरही शेजारी बसून पाहत होते, आणि "दीड तास धावायचे" वगैरे वाक्य त्यांनी त्या दिवशी उच्चारले नाही. पाचवा गोल झाला, पंचांनी शिटी वाजविली, खेळाडू मान खाली घालून आत गेले, आणि मग आम्ही यंत्र बंद केले.